सुपर बिल्टअप बैल

पुण्यात स्पोर्ट्स कार घेणारा माणूस वेगासाठी घेतो, असा ज्यांचा समज असेल त्यांनी संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या रस्त्यावर जाऊन उभं राहावं. तिथे अडीचशे घोड्यांची गाडी पाण्याच्या टँकरमागे उभी असते आणि टँकरमधून गळणारं पाणी हीच त्या परिसरातली सर्वांत वेगवान हालचाल असते. शून्यापासून शंभरपर्यंत सहा सेकंदांत जाणाऱ्या गाडीच्या मालकाला शून्याचा अनुभव दांडगा असतो, शंभरची फक्त माहिती असते. मग त्याने वेळ कसा काढायचा? तो गाडीच्या आत बघू लागतो. दाराच्या पॅडवरचा ओरखडा दिसतो. गिअरच्या बुडाशी असलेली कातडी पिशवी उसवलेली दिसते. चढता-उतरता जिथे मागचा खिसा घासतो, ती सीटची कड पिठासारखी पांढरी पडलेली दिसते. आणि एके दिवशी तो घरी येऊन जाहीर करतो, "आतून लेदर करून घेतोय."

माझा भाचा ओंकार याच वाटेने गेला. त्याची गाडी जर्मन, सेकंड हँड, दोन दारांची, दोन माणसांची, टप उघडणारी. मुंबईच्या कुणा हौशी गृहस्थाकडून घेतलेली. किंमत त्याने माझ्या ताईला सांगितली तेव्हा एक शून्य गाळलं होतं, आणि तरीही ताईने पदराने वारा घेतला. "चार माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी? मग उरलेल्या दोघांनी काय, रिक्षा करून मागून यायचं?" हा तिचा प्रश्न आजतागायत अनुत्तरित आहे.

गंमत अशी, की स्पोर्ट्स कारचा मूळ धर्मच मुळी काढून टाकण्याचा. लोटसवाला कॉलिन चॅपमन हयातभर गाड्यांमधून वजन काढत राहिला. पोर्शने 1973 सालच्या कॅरेरा आरएसची जी हलकी आवृत्ती काढली, तिच्यात मागच्या सीटा नव्हत्या, घड्याळ नव्हतं, आणि दार आतून उघडायला एक पट्टी ओढावी लागे. 1987 मध्ये आलेल्या फेरारी एफ-40 ने तर लाजच सोडली. गालिचा नाही, दाराला पॅड नाही, आतला हँडल नाही. हँडलच्या जागी वायर, ती खेचायची. भाग एकमेकांना चिकटवताना वापरलेला हिरवट गोंद आतून सरळ दिसतो, आणि जाणकार मंडळी तो गोंद बघून गहिवरतात. नाना पेठेतल्या कारागिराचा एवढासा गोंद शिलाईबाहेर डोकावला तर हीच मंडळी निम्मे पैसे कापून घेतील.

हे सगळं ओंकारला तोंडपाठ आहे. ज्या मुलाला तेराचा पाढा शेवटपर्यंत आला नाही, त्याला कुठली गाडी वजनाच्या किलोमागे किती घोडे देते हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. लेदरमुळे गाडीचं वजन किती वाढेल याचाही हिशोब त्याने मांडला होता. तीन किलो निघाले. मग तो गंभीर होऊन माझ्याकडे बघत राहिला. बाजूच्या सीटवर मी बसतो आणि माझं वजन नव्वदच्या घरात आहे. तो बोलला काही नाही. चांगल्या घरातला मुलगा आहे.

पण आपल्या मराठी घरांचा धर्म चढवण्याचा, त्याला कोण काय करणार? रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, मिक्सरला झालरीचा फ्रॉक, फ्रिजच्या मुठीला क्रोशाचा हातमोजा, सोफ्याला कव्हर आणि पाहुणे येईपर्यंत त्या कव्हरवर चादर. सरकारी साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टर्किश टॉवेल नसेल तर आपण त्याला साहेब मानत नाही. घेतलेली वस्तू उघडी राहिली की आपल्यालाच थंडी वाजते. तेव्हा ज्या गाडीने मुळात अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं, तिला ओंकार अंगडं-टोपडं चढवायला निघाला यात नवल नव्हतं.

आम्ही नाना पेठ धरली. मुंबईकर अशा कामाला कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतात. आपल्याकडे ही पेठ. तिथे गाडीच्या आतबाहेर लावता येईल असं सगळं मिळतं, आणि लावू नये असंही. दुकानदाराने पाठ केलेल्या चढत्या क्रमाने माल मांडला: रेक्झिन, पीयू, नापा, आणि मग आवाज खाली आणून, "ओरिजिनल".

रेक्झिन मुळात इंग्लंडमधल्या कंपनीचं मालाचं नाव, कापडावर थर देऊन केलेलं नकली चामडं. आपण त्याला कधीच परकं मानलं नाही. एसटीच्या सीटपासून डॉक्टरांच्या तपासणीच्या पलंगापर्यंत मराठी माणसाचं बूड टेकलं ते रेक्झिनवर, आणि उन्हाळ्यात उठताना चर्र आवाज करत सुटलं तेही त्याच्याच पाठीवरून. पीयू म्हणजे शिकलेलं रेक्झिन. "व्हीगन लेदर" म्हणजे परदेशात जाऊन आलेलं रेक्झिन.

चामडं खरं की खोटं, याची परीक्षा घेण्याचा विधी बघण्यासारखा असतो. दुकानदार तुकडा हातात देतो, खिशातून लायटर काढतो आणि म्हणतो, "जाळून बघा, साहेब." खोटं असेल तर प्लास्टिकसारखं वितळतं, खरं असेल तर केस जळल्याचा वास येतो. तुकडा वितळत नाही, केसांचा वास येतो, सगळे एकमेकांकडे बघून माना डोलावतात. यातली मेख एवढीच, की तुकडा नेहमीच खरा असतो. सीटवर काय चढेल ते जाळून बघायला कुणी येत नाही.

खरं चामडं चौरस फुटावर विकतात हे मला तिथे कळलं, आणि मी सावध झालो. पुण्यात चौरस फुटावर आजवर एकच गोष्ट विकली गेली आहे आणि तिने सगळ्यांना शहाणं केलं आहे. दुकानदाराने गुंडाळी सोडली. अख्खं कातडं, चारी पाय पसरलेलं, पन्नास फूट. आता त्यातला पाठीचा भाग घट्ट आणि गुळगुळीत, तो सीटच्या मधोमध चालतो. पोटाचा भाग सैल, ओढला की ढिला पडतो. तो सीटवर घातला तर वर्षाच्या आत सुरकुत्या. पायांचे तुकडे अरुंद. मध्येच कुठे तारेच्या कुंपणाने ओरबाडल्याची जुनी रेघ, कुठे गोचिडीच्या चाव्याचे ठिपके. म्हणजे पैसे पन्नास फुटांचे आणि राहायला मिळणार तीस-पस्तीस. पोट म्हणजे टेरेस, पाय म्हणजे पॅसेज, मान म्हणजे लॉबी. मी विचारलं, "कार्पेट किती भरतो हा बैल?" दुकानदार हसला नाही. त्याने नुकताच कोंढव्यात फ्लॅट घेतला होता.

बैल म्हणालो ते उगाच नाही. रोल्स-रॉईसवाले आपल्या गाड्यांना बैलाचंच कातडं घेतात, कारण गाईच्या कातड्यावर वेतांमुळे ताणल्याच्या खुणा राहतात. आणि बैलही असे, की जिथे काटेरी तारांचं कुंपण नाही आणि डासमाश्या कमी, अशा कुरणात वाढलेले. ओंकारने ही माहिती मोठ्या अभिमानाने घरात सांगितली. घरात आई बसली होती. माझी आई, त्याची आजी, वय शहाऐंशी, कान शाबूत.

"गाईचं नाही ना रे?"

"नाही गं आजी. बैलाचं. इटलीचा आहे."

आजीने थोडा वेळ जपमाळ ओढली. मग म्हणाली, "इटलीचा असो नाही तर इंदापूरचा. पोळ्याच्या दिवशी ती गाडी दाराशी लावू नकोस."

त्यानंतर तिने आणखी एक पेच टाकला. देवळात जाताना कमरेचा चामड्याचा पट्टा काढून ठेवायची आपल्या घरची पद्धत. तर पट्टा काढून ठेवायचा आणि जायचं मात्र अख्ख्या बैलात बसून, हे देवाला कसं सांगायचं? ओंकारकडे गाडीच्या टॉर्कचे आकडे होते, पण या प्रश्नाला टॉर्क लागू पडत नव्हता.

स्टिअरिंगला अल्कांतारा हवं, असा त्याचा पुढचा हट्ट. हे सांबरी कातड्यासारखं मऊ दिसणारं प्रकरण जनावराचं नसतंच. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये ते शोधलं, पॉलिएस्टरचे तंतू आणि पॉलियुरेथेन घेऊन, आणि 1972 मध्ये इटलीत त्याची कंपनी उभी राहिली. त्यावर उजेड चमकत नाही, हात घसरत नाही, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना ते आवडतं. किंमत ऐकून मी म्हणालो, जनावर न मारता माणूस मारायची सोय आहे. पण खरी फजिती सीट शिवणाऱ्या उस्तादांनी केली. त्यांनी नमुन्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "शेठ, हाताला घाम येतो?" पुण्याच्या मे महिन्यात टप उघडं ठेवून टँकरमागे उभ्या राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न. "मग नको. सहा महिन्यांत तेलकट मांजर होतंय याचं."

उस्तादांबद्दल सांगायलाच हवं. दुकान पुढे, उस्ताद मागच्या बोळात. शिवणयंत्र, कापायचं टेबल, भिंतीला टांगलेल्या जुन्या सीटच्या कव्हरांची लक्तरं, आणि सोल्युशनचा असा वास, की दहा मिनिटांत आयुष्य बरं वाटू लागतं. ओंकारने घरून अवजारं नेली होती. दाराचे पॅड ओरखडा न पाडता उचकटण्यासाठी नायलॉनच्या पट्ट्या, अकरा आकारांच्या, काळ्या झिपच्या पाकिटात, ऑनलाइन मागवलेल्या. उस्तादांनी पाकीट उघडून आदराने पाहिलं, आदराने मिटलं, आणि फळीवरून एक स्टीलचा चमचा घेतला. साधा पोह्याचा चमचा. दांडा कानशीने घासून पातळ आणि बोथट केलेला, टोकाला हलकासा बाक. तो दांडा त्यांनी दार आणि पॅड यांच्या फटीत सरकवला, मनगट अर्धा इंच फिरवलं, आणि कट्‌ असा आवाज झाला.

हा "कट्‌" गाडीवेड्या माणसाने ऐकू नये. क्लिप सुटली की तुटली, हे आवाजावरून कळत नाही. उस्तादांना कळतं. ओंकार प्रत्येक कट्‌ला डोळे मिटत होता आणि उस्ताद न बघता सांगत होते, "सुटली... सुटली... ही आधीच तुटलेली... सुटली." कुणी आधीच तुटलेली ठेवली होती, याचा विचार करत ओंकार मुंबईच्या त्या हौशी गृहस्थाला मनातल्या मनात काय काय म्हणाला असेल.

सीट काढायच्या आधी उस्तादांनी बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि चहा मागवला. मला वाटलं आळस. तो आळस नव्हता. सीटच्या कुशीत एअरबॅग असते, बॅटरी सुटली तरी थोडा वेळ तिच्या यंत्रणेत वीज शिल्लक राहते, आणि ती निवेपर्यंत सीटखालच्या पिवळ्या सॉकेटला हात लावायचा नसतो. चहा हे त्या थांबण्याचं मोजमाप. उस्तादांच्या शाळेत एक कटिंग म्हणजे सुरक्षित. मग चार बोल्ट सुटले आणि सीट बाहेर आली. तिच्याखाली पार्किंगच्या पावत्या, एक हेअर क्लिप, सुपारीचं खांड आणि एक सुकलेला पेढा निघाला. ओंकारने गाडी घेताना पन्नास कागद तपासले होते. एवढी खरी माहिती त्यात कुठे नव्हती.

जुनं कव्हर फोमला लोखंडी रिंगांनी आवळलेलं असतं. त्या पक्कडीने कापल्या, शिलाया ब्लेडने उसवल्या, आणि कव्हराचे वीस-बावीस तुकडे टेबलावर पसरले. प्रत्येक तुकडा उलटा करून उस्ताद बघत होते आणि आपोआप दोन ढीग पडत होते. "हे लेदर. हे रेक्झिन. हे लेदर. हे पण रेक्झिन."

"रेक्झिन?" ओंकार म्हणाला. "कंपनीची सीट आहे ही!"

"कंपनीच असं करते, शेठ. जिथे तुम्ही टेकता तिथे लेदर. मागं आणि बाजूला कोण टेकणार?"

हे अगदी खरं आहे, आणि भल्याभल्या गाड्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ते कबूल केलेलं असतं. पण ओंकारचा चेहरा असा झाला, की जणू घरातल्या देवघराची मूर्ती पितळेची निघाली. जर्मन अभियंत्यांनीही पाहुणे जिथे बघत नाहीत तिथे साधं रेक्झिन लावलं होतं. मला मात्र त्या क्षणी जर्मन लोक पहिल्यांदाच आपले वाटले.

त्या जुन्या तुकड्यांवरूनच नवे बेतायचे. कातडं टेबलावर पसरून उस्ताद आधी काहीच करत नाहीत. हात फिरवतात. डोळ्यांना न दिसलेली ओरबाड तळव्याला सापडते, तिथे खडूने फुली. मग तुकडे असे मांडतात, की फुल्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत जाव्यात. गिअरची पिशवी शिवताना तर मी उभाच राहिलो. चार पाकळ्या, वर निमुळत्या, खाली रुंद. त्या आतली बाजू बाहेर ठेवून शिवायच्या, कडा कापून चिकटवायच्या, आणि मग अख्खी पिशवी उलटी काढायची. उलटताना उस्तादांनी दोन्ही अंगठे आत घातले, हलकेच ढकललं, आणि लाल शिलाईची सरळ रेघ बाहेर आली. टाके असे सारखे, की मशीनलाही आपल्या कामाचा संशय यावा. पगारदार माणसाने असं काम बघू नये. दुसऱ्या दिवशी एक्सेलची शीट उघडवत नाही.

सीटच्या कुशीची, म्हणजे एअरबॅगच्या बाजूची शिलाई त्यांनी मुद्दाम कच्च्या धाग्याने घातली. अपघातात एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटते आणि तिला बाहेर यायला तिथली शीव उसवावी लागते. पक्का धागा घातला तर ती आतच गुदमरायची. बाजारात सरसकट चढवली जाणारी रेडीमेड कव्हरं हा दरवाजा बाहेरून शिवून टाकतात, आणि घेणारा वर "मजबूत आहे ना?" असं विचारतो. उस्ताद त्या गिऱ्हाइकांना काय सांगतात, ते मी विचारलं. "सांगतो. ऐकत नाहीत. डायमंड शिलाई मागतात."

रंगाचं मात्र उस्तादांचं कुणी ऐकलं नाही. ते काळा म्हणाले, निदान तपकिरी. ओंकारला क्रीम हवा होता, लाल शिलाई घालून. "क्रीम रंगाला जपावं लागतं," उस्ताद म्हणाले. "जपेन," ओंकार म्हणाला. "तसं नव्हे," उस्ताद म्हणाले, आणि काही तरी पुढे बोलणार होते, पण फोन वाजला.

गाडी परत आली ती खरोखर देखणी. दार उघडलं की वास असा, की जोड्यांच्या दुकानात लग्न लागलंय. ओंकार आठवडाभर कारण काढून टँकरमागे उभा राहत होता. आवाज एक नवा सुरू झाला होता, वळणावर सीटची कड दाराच्या पॅडला घासली की कुईं. ताईला वाटलं गाडीत मांजर आहे. गतिरोधकांवर मात्र विशेष कुईकुई होई. शासनाच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमच्या सोसायटीचा गतिरोधक चेअरमनसाहेबांनी शिल्लक राहिलेल्या सिमेंटमधून घातला आहे, आणि त्याची उंची त्यांच्या स्वभावाइतकी आहे.

मग निळा रंग दिसला. चालकाच्या सीटवर, मांड्या टेकतात तिथे, क्रीमवर पुसट निळी छाया. ओंकारने पुसलं, साबण लावला, परदेशी क्लीनर मागवला. छाया फिकी झाली, गेली नाही. उस्तादांना फोन केला तेव्हा त्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं झालं: नवी जीन्स घालून क्रीम लेदरवर बसायचं नाही. जीन्सची नीळ उन्हाने आणि घामाने सुटते आणि चामडं ती पिऊन टाकतं.

"मग काय घालू?"

"पांढरं घाला, शेठ. किंवा टॉवेल."

टॉवेल शब्द ऐकताच ताई उठून कपाटाकडे गेली होती, पण ओंकार ठाम राहिला. एवढा बैल घेतला तो टॉवेलखाली झाकायला नव्हे. त्याने पांढरे कपडे शिवायला टाकले. जीन्स गेली, टी-शर्टही गेला, कारण सीटबेल्टखाली सीटच्या पाठीलाही रंग लागतो. आता तो ऑफिसला निघतो तो पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, टप उघडलेलं.

महाराष्ट्रात भारी गाडीत पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की लोक आपोआप बाजूला होतात. रिक्षावाल्यांनी कट मारणं बंद केलं. पेट्रोल पंपावर पोऱ्या काच पुसू लागला, आणि सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी न मागता गतिरोधक तासून घेतला. गेल्या मंगळवारी वाकडच्या पुलाखाली मी बाजूला बसलो होतो. सिग्नल लाल, पुढे तीन टँकर. चौकातल्या हवालदाराने आम्हाला पाहिलं, शिट्टी फुंकली, टँकर कडेला घ्यायला लावले, आणि चालत गाडीजवळ आला. गाडी एवढी बुटकी, की बोलायला त्याला कमरेत वाकावं लागलं. त्याने आत पाहिलं; दोनच सीटा, दोन्ही भरलेल्या. मग अदबीने विचारलं,

"साहेब, कार्यकर्ते मागच्या गाडीत आहेत का?"